आईला शोला न्यायचं नाही

कुत्र्यांच्या शोच्या दिवशी आई घरी राहायची. लहानपणी मला त्यात वेगळं असं काही वाटलं नाही. बाबा स्कूटरवर पुढे, त्यांच्या पायांशी वेताची टोपली, टोपलीत कुत्रा, मागे मी, माझ्या मांडीवर घडीची खुर्ची आणि खांद्याला ब्रशांची पिशवी. बाकीच्यांच्या आया मुलांना अच्छा करायला दारापर्यंत येत. आमची आई स्वयंपाकघरात आतून कडी लावून बसायची, कारण ती दिसली असती तर कुत्रा टोपलीत बसलाच नसता. स्कूटर गल्लीबाहेर गेल्याचा आवाज ऐकून मगच ती कडी काढायची. हे मला कळलं ते एकदा ताप आल्यामुळे मला घरी ठेवून बाबा एकटेच गेले तेव्हा. आई बाहेर आली, रिकाम्या अंगणाकडे बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, चल, तुला पेज देते. मला वाटलं, माझ्या तापाची काळजी करतेय.

बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आम्ही कंपनीच्या बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे हातभर अंगण. एवढ्या जागेत आई, बाबा, मी, धाकटा भाऊ आणि डॅशहंड जातीचे कुत्रे. कधी तीन, कधी पाच, आणि पिल्लं झाली की विचारूच नका. डॅशहंड म्हणजे तो लांबलचक, बुटका, कान लोंबणारा कुत्रा. आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्यांदा बघितला तेव्हा अगदी गंभीरपणे विचारलं होतं, की हा वाढायचा राहिलाय की कोणी ओढून लांब केलाय. बाबांनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला. कुत्र्यांच्या बाबतीत बाबांना विनोद चालत नसे, आणि तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय. हल्ली लोक मुंबईच्या उकाड्यात हस्की पाळतात आणि त्याच्यासाठी दिवसभर एसी लावून ठेवतात. त्यावर मी बोलायला लागले की भाऊ विषय बदलतो.

पहिली कुत्री बाबांना एका साहेबांनी दिली. साहेब नोकरी संपवून परदेशात मुलाकडे निघाले होते, कुत्रीचं काय करायचं ते ठरत नव्हतं आणि त्याच वेळी बाबा त्यांच्या बंगल्यावर पंखा दुरुस्त करत होते. पंखा फिरायला लागला आणि बाबा कुत्री घेऊन घरी आले. मालवणकडून आलेल्या आमच्यासारख्यांच्या घरात कुत्रा म्हणजे अंगणात राखणीला असणारा, उरलंसुरलं खाणारा प्राणी. ही बया आल्या आल्या आईच्या गोधडीवर जाऊन झोपली. आईने डोक्याला हात लावला. मग कुठल्याशा तापाने कुत्रीने खाणंपिणं सोडलं, बाबांना रजा मिळेना, आणि आईने तिला मांडीवर घेऊन चमच्याने पेज भरवली. त्यानंतर आमच्या घरातली सगळी कुत्री आईची झाली. बाबांकडे राहिला तो फक्त शो.

हे मी गमतीने म्हणतेय खरं, पण आमच्या घराची वाटणी तशीच होती. बाबांना कळत होता तो कुत्र्याचा बांधा. पाठीची रेघ, छातीची खोली, पुढच्या पायांचं वळण. कुठली कुत्री कुठल्या कुत्र्याला दाखवायची, याचा ते वर्ष वर्ष विचार करायचे. घाटकोपरला कोणाकडे चांगला काळा नर आला असं कळलं की रविवारी तिकडे, बोरिवलीला कोणी तांबडी मादी आणली की पुढच्या रविवारी तिकडे. पण पिल्लं बाहेर आली की बाबांचं काम संपायचं. कारखान्यातून आणलेल्या लाकडी खोक्यात आई जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे अंथरायची आणि खोक्याशेजारी जमिनीवरच झोपायची. अशक्त पिल्लू पदरात बांधून ती भाकऱ्या भाजायची. पिल्लांचे डोळे उघडायचे ते आईच्या हातात. त्यांनी पहिला वास घेतलेला असायचा तो आईच्या बोटांचा, खोबरेल तेल आणि नाचणीचा. दात यायला लागले की तीच त्यांना मऊ भात चाटवायची, तीच अंगणात शू करायला शिकवायची, तीच टेबलावर उभं राहायची सवय लावायची, कारण लहान कुत्र्यांना जज टेबलावर ठेवूनच तपासतो.

आणि म्हणूनच तिने शोला यायचं नाही, असा बाबांचा नियम होता. जिने वाढवलं तिने रिंगजवळ फिरकायचं नाही. दोरीने आखलेल्या त्या रिंगमध्ये कुत्र्याने दगडासारखं उभं राहायला हवं, मान वर, शेपटी सरळ, नजर त्याला धरणाऱ्या हँडलरच्या मुठीतल्या कलेजीच्या तुकड्यावर. तेवढ्यात त्याला आईचा वास आला की कलेजी गेली, जज गेला आणि बाबांची सहा महिन्यांची मेहनतही गेली. बाकीचे शोवाले हसायचे आम्हाला. त्यांच्या बायका चांगल्या साड्या नेसून रिंगच्या दोरीला टेकून उभ्या असायच्या आणि त्यांचे कुत्रे नीट उभे राहायचे. पण त्यांच्या बायका पिल्लू पदरात बांधून भाकऱ्या भाजत नव्हत्या.

आई याबद्दल कुरकुर करायची नाही. आम्ही परत आलो की बाबा कुत्र्याला तिच्या ओटीत सोडायचे, जिंकलेली फीत खुंटीला लावायचे आणि आंघोळीला जायचे. मग आई मला विचारायची. कसा चालला, कान कसे ठेवले, त्या घाटकोपरच्या काळ्याच्या शेजारी कसा दिसला. मी सांगायचे, पण मला खाऊचं आणि फुग्यांचं जास्त आठवत असायचं. आई ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, की घाबरला नाही ना. तिने स्वतः वाढवलेला एकही कुत्रा तिने कधी रिंगमध्ये उभा असलेला पाहिला नव्हता.

एकदाच तिने हट्ट केला. मी दहावीत होते. त्या वेळी आमच्याकडे एक काळा नर होता, तांबड्या भुवयांचा. बाबांच्या हातून घडलेला सगळ्यात देखणा कुत्रा. आठवड्याचा असताना तो जवळजवळ गेलाच होता. आईने त्याला रात्रंदिवस छातीशी धरून जगवलं होतं. तो मोठ्या शोमध्ये उतरणार असं ठरलं तेव्हा आई बाबांना म्हणाली, "माका एकदा बघूचा हा. लांबसून बघतलंय."

बाबा नाही म्हणू शकले नाहीत. मग आमच्या घरात जे सुरू झालं ते ऐकून कोणीही आम्हाला वेड्यात काढलं असतं. आई शेजारच्या काकूंच्या मोरीत त्यांच्या साबणाने न्हाली. काकूंचीच साडी नेसली, काकूंच्याच घरातून परस्पर निघाली. डोक्याला तेल नाही, हातात बांगड्या नाहीत, कारण बांगड्यांचा आवाज त्याला ओळखीचा. मैदानाच्या पार टोकाला एक चहाची टपरी होती, तिच्या आडोशाला बाबांनी तिला बसवलं आणि स्वतःच्या रुमालाचं टोक हवेत धरून वारा रिंगकडून टपरीकडे वाहतोय याची खात्री केली. मी रिंगजवळ होते. काळा टेबलावर छान उभा राहिला. चालला तर असा, की शेजारच्या रिंगमधले लोकही वळून बघायला लागले. आणि शेवटच्या रांगेत जज त्याच्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा वारा पडला, आणि मग उलटा फिरला. काळ्याने नाक वर केलं, खाली बसला आणि गळा काढला. जेवणाची वेळ झाली की काढायचा तसाच. बाबांनी मुठीतली कलेजी त्याच्या नाकाला लावली. त्याने तोंड फिरवलं आणि टपरीच्या दिशेने दोरी ओढत राहिला.

बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यावर आईने काकूंची साडी धुऊन वाळत घातली, आम्हाला वाढलं आणि म्हणाली, "माझा काय अडला नाय. तुमी जावा." त्यानंतर बाबा होते तोवर तिने हा विषय पुन्हा काढला नाही. पण शोच्या सकाळी ती अंगणात यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय असायचं, ते मला त्या दिवसानंतर दिसायला लागलं.

पुढे बाबा निवृत्त झाले आणि कंपनीची जागा सुटली. डॅशहंडची पाठ नाजूक असते. रोज जिने चढले-उतरले की मणका सरकतो आणि मागचे पाय जातात. त्यामुळे बाबांनी लिफ्टवाल्या चांगल्या चांगल्या जागा नाकारल्या आणि चारकोपला सेक्टरमध्ये तळमजल्याचं बैठं घर घेतलं. लिफ्ट बंद पडली तर कुत्र्यांनी काय करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. भाऊ लग्न करून मुलुंडला गेला. तिथल्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर त्याला कुत्रे ठेवता येईनात, पण बाबांचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर रिंग त्यानेच हातात घेतली. मी लग्न केलं नाही. कुत्र्यांमुळे नाही, असंच. एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी केली आणि आईबाबांजवळ राहिले. शो मात्र मी सोडला नाही. भावाची बॅग मी धरायची, कुत्र्याच्या मिशा मी पुसायची, रिंगच्या दोरीला पोट टेकवून मी उभी राहायची. मला ती दोरी आवडायची. आत कुत्रा उभा राहतो तेव्हा बाहेर आपलाही श्वास थांबतो. तसा आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

बाबा गेले तेव्हा घरात दोनच कुत्री उरली होती. त्यातल्या धाकटीला बाबांनीच ठरवून ठेवलेल्या नराकडे भाऊ घेऊन गेला. तिचे दिवस भरत आले आणि आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती इस्पितळात असतानाच कुत्री व्याली. मी रजा टाकली. आईने जे जे केलेलं लहानपणापासून बघत होते ते ते केलं. खोक्याशेजारी जमिनीवर झोपले. पिल्लांचे डोळे माझ्या हातात उघडले. आई वॉकर धरून घरी आली तेव्हा पिल्लं अंगणभर पळत होती. आईला वाकता येत नव्हतं. मी एकेक पिल्लू उचलून तिच्या मांडीवर ठेवायचे, ते तिचा अंगठा चोखायचं आणि खाली उडी मारायला बघायचं. उडी मारू नये म्हणून मी लगेच उचलून घ्यायचे.

त्यातली एक तांबडी आम्ही ठेवली. बाबा असते तर तिच्या पाठीच्या रेघेवरून बोट फिरवत बसले असते. भाऊ दर रविवारी मुलुंडहून यायचा आणि अंगणात तिला चालवायचा. शोच्या आदल्या संध्याकाळी तिला घेऊन आपल्या घरी जायचा, तेवढ्या एका रात्रीपुरतं सोसायटीवाले चालवून घ्यायचे. सकाळी तिकडूनच मैदानावर. मी या शोंना जात नव्हते, कारण आईला एकटं ठेवता येत नव्हतं. तांबडी जिंकत गेली. चॅम्पियन व्हायला वेगवेगळ्या जजांकडून सर्टिफिकेटं मिळावी लागतात, आणि आता तिला शेवटचं एकच हवं होतं. भाऊ मोबाइलवर कोणाकोणाकडून व्हिडिओ काढून आणायचा. आई चष्मा लावून बघायची. त्यात बहुतेक भावाची पँट आणि पुढच्या माणसांच्या पाठी दिसायच्या. ती मोबाइल परत द्यायची आणि म्हणायची, ह्यात कुत्रा कुठे आहे.

शेवटच्या सर्टिफिकेटचा शो मुलुंडलाच होता. आदल्या आठवड्यात जेवताना आई म्हणाली, की ती येणार आहे. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. आई म्हणाली, "तुमचो बाप गेलो. माझा वय झाला. आता माका बघूचा हा."

भाऊ नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, वाट लागेल. तो काळा आठवतोय ना तुला?" मला आठवत होता. पण मला काकूंची वाळत घातलेली साडीही आठवत होती. मी म्हटलं, सर्टिफिकेट पुढच्या शोला मिळेल. आई पुढच्या शोला असेल का, ते सांग.

मग सगळं पुन्हा तसंच, फक्त जरा आधुनिक. भावजयीने घडी न मोडलेली नवी साडी दिली. मी आईला वास नसलेल्या साबणाने आंघोळ घातली, केसांना तेल लावू दिलं नाही. आम्ही दोघी टॅक्सीने गेलो. भावाने कागदाचे कपटे उडवून वारा बघून ठेवला होता, आणि शामियान्याच्या कुठल्या खांबामागे आईची खुर्ची ठेवायची ते मला फोनवर तीनदा सांगितलं होतं. आई हसत होती. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. खुर्चीत बसल्यावर ती एकेक गोष्ट विचारायला लागली. हा कोण, ती दोरी कशाला, जज कुठला, टेबल एवढं उंच का. इतकी वर्षं तिने मनात एक शो रचून ठेवला असणार, आणि आता ती तो समोरच्या शोशी जुळवून बघत होती.

तांबडी रिंगमध्ये आली तेव्हा आईने माझं मनगट धरलं. टेबलावर तांबडीने पापणीही हलवली नाही. चालली ती बाबांना हवी होती तशी, पाठ हलत नव्हती आणि पाय जमिनीला लागतायत की नाही असं वाटत होतं. आमच्यापुढे माणसं येऊन उभी राहिली. आई मान वाकडी करून बघायला लागली. शेवटी ती म्हणाली, "गो, माका दिसना नाय. जरा फुडे सरक." मी तिला धरून उभं केलं, एका हाताने खुर्ची उचलली आणि तिला दोरीपाशी नेऊन बसवलं. भावाने आम्हाला पाहिलं. त्याने डोळ्यांनी मला खूण केली, की आईला मागे घे. जज दोन कुत्र्यांपुढे आळीपाळीने उभा राहत होता. एक आमची तांबडी. आई तिच्यापासून पाच-सहा पावलांवर होती. मी आईच्या पुढे अंग आडवं केलं, तिचा वास जाऊ नये म्हणून.

तांबडीने नाक वर केलं. तिची शेपटी आधी हळू हलली, मग जोरात. कुत्र्याच्या गळ्यातली शोची दोरी बारीक असते, भावाच्या हातातून ती कधी निसटली ते त्यालाही कळलं नाही. तांबडी आमच्या दिशेने सुसाट निघाली. आईने तिला येताना पाहिलं. वॉकरशिवाय उभं राहता न येणारी आई खुर्चीतून पुढे वाकली आणि तिने दोन्ही हात पसरले. "इली," ती म्हणाली, "इली गो माझी."

तांबडी तिच्या हाताखालून गेली आणि माझ्या पायांवर उभी राहिली. ती रडल्यासारखा आवाज काढत होती, माझ्या साडीच्या निऱ्या चावत होती, उडी मारून माझ्या हातांपर्यंत पोचायला बघत होती. आदल्या संध्याकाळपासून तिने मला पाहिलं नव्हतं. लोक हसले. जजही हसला आणि त्याने दुसऱ्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. मी वाकून तांबडीला उचललं, आणि वर बघितलं तेव्हा आईचे हात अजून तसेच पुढे होते. तिने ते सावकाश मागे घेतले आणि मांडीवर ठेवले.

आम्ही सगळ्यांनी दिवसभर आईला लपवलं होतं. माझा विचार कोणाच्या मनातच आला नाही, माझ्याही नाही. आमच्या घरात वाढवणारी म्हणजे आई, हे इतकं पक्कं होतं, की खोक्याशेजारी या वेळी कोण झोपलं होतं ते आम्ही विसरलोच. रात्री भावाचा फोन आला. "आपण येडे आहोत का यार?" तो म्हणाला. आणि मग, "आईचा चेहरा बघितलास?"

त्याआधी, परत येताना टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत होती. तांबडी माझ्या मांडीवर झोपली होती. लिंक रोडला लागल्यावर आई बोलली.

"पुढच्या टायमाक तू येव नको. तू घराक रव. मी जातंय."

मी म्हटलं, तू एकटी तिथे काय करशील.

"बघतलंय," ती म्हणाली. "बघूचाच तर रवला हा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र रडू फुटलं, आणि मी ते खोकल्याच्या नावाखाली लपवलं. मला रिंग हवी होती. आईचं वय होत आलं म्हणून आता तिचा हक्क आधी, हे मला कळत होतं. बाबांचा नियम मलाच तोंडपाठ होता. तरी टॅक्सीत बसल्या बसल्या मला त्या दोरीची इतकी ओढ लागली, की मी तांबडीच्या अंगावरून हात काढून घेतला.

पुढचा शो थंडी संपता संपता झाला. आई भावजयीबरोबर गेली, पहिल्या रांगेत बसली, केसांना भरपूर तेल लावून, बांगड्या घालून. आता कशालाच मनाई नव्हती. मी घरात केर काढला, पुन्हा काढला, कपाट आवरलं. दुपारी भावाचा फोन आला, की झालं, आपली तांबडी चॅम्पियन झाली. बाबांना सांगायला हवं होतं, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. मी बाबांच्या फोटोपुढे दिवा लावला आणि त्यांना सांगितलं. ती कशी उभी राहिली ते मला सांगता येईना, कारण मी ते पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे आले. तांबडी दारातूनच माझ्या अंगावर झेपावली. भाऊ आणि भावजय चहा पिऊन गेले. आई दिवाणावर बसली. तिच्या मांडीवर ती मोठी फीत होती. मी विचारलं, नीट दिसलं का. ती म्हणाली, सगळं दिसलं. मी विचारलं, कशी उभी राहिली. आई फितीच्या झालरी सारख्या करत म्हणाली, "दगडासारकी. एकदा माझ्याकडे बघल्यान. मगे परत तुझ्या भावाच्या हाताकडे बघूक लागली. माझ्यासाठी हलूक नाय."

मग तिने दिवाणावर आपल्या शेजारी हात थापटला आणि तांबडीला बोलावलं. तांबडीने शेपटी हलवली. ती माझ्या पावलांवर आडवी पडली होती, तिथून उठली नाही. आईने पुन्हा थापटलं. मी पाय हळूच काढून घेतला, तर ती सरकून पुन्हा माझ्या पायाला चिकटली.

आईने मांडीवरची फीत उचलून बाजूला ठेवली. मग मला म्हणाली, "दूध घेवन ये."

मी म्हटलं, दूध आहे घरात.

"आसांदे. तरी घेवन ये. आणि बेगीन येव नको."

मी चपला घातल्या. तांबडी माझ्या आधी दाराशी पोचली होती. तिला पायाने मागे सारून मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आतून तिची नखं दारावर वाजायला लागली. आई तिला हाका मारत होती. लहान पिल्लांना मारायची, तसल्या मऊ आवाजात. मी दुकानाच्या दिशेने निघाले. दुकान आलं, तरी मी पुढे चालत राहिले.